तोच ड्रायव्हर, तेच विंडोज ११, आणि एकाच खोलीत आवाज

आमच्या ध्वनिमुद्रण गटाकडे दोन खोल्या आणि दोन संगणक आहेत. मोठ्या खोलीत वाद्यांसह गाणी रेकॉर्ड होतात, लहान खोलीत पुस्तकवाचन. दोन्हीकडे एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं आठ इनपुटचं ऑडिओ इंटरफेस आहे, यूएसबी २.० वर चालणारं. साउंड कार्ड म्हणा हवं तर. काम तेच, फक्त ते संगणकाच्या पोटातून बाहेर टेबलावर आलेलं. कंपनीने त्याचा शेवटचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची आणि विंडोजची गाठ घालून देणारा प्रोग्राम, २०१३ मध्ये काढला, विंडोज ७ आणि ८ साठी. मग मॉडेल बंद झालं आणि ड्रायव्हरही तिथेच थांबला. यंत्र मात्र आजही ठणठणीत आहे. माइकचा आवाज स्वच्छ येतो, एकाही नॉबमध्ये खरखर नाही. विंडोज १० वर तो २०१३ चाच ड्रायव्हर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला, त्यामुळे त्याचं वय कुणाच्या लक्षातही नव्हतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि दोन्ही संगणक ११ वर न्यायचं ठरलं. विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग होता, सिक्युअर बूट (सुरू होताना सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) होतं, प्रोसेसरही मान्य यादीतले. मोठ्या खोलीतला संगणक होता त्या विंडोज १० वरूनच अपग्रेड केला. लहान खोलीतल्याची डिस्क भरत आली होती, म्हणून तिथे नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज ११ कोरं टाकलं. त्या दिवशी हा फरक निव्वळ सोयीचा वाटला होता. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मोठ्या खोलीत स्पीकर लगेच वाजले. रेकॉर्डिंगचं मीटर तेवढं सपाट होतं. तिथे ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप प्रोग्रामना माइक वापरायची परवानगी बंद होती, ती चालू केल्यावर मीटर हलायला लागलं. अपग्रेडनंतर 'माइक गेला' अशी ओरड झाली की आधी हे पाहावं. फुकटात सुटणाऱ्या अडचणींपैकी ही एक.

लहान खोलीत ड्रायव्हरचा इन्स्टॉलर शेवटपर्यंत नीट गेला, 'यशस्वी' म्हणाला, संगणक पुन्हा सुरू झाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या यंत्रांच्या यादीत, इंटरफेसच्या नावावर पिवळा त्रिकोण आला. मदरबोर्डवरचा आवाज मात्र चालू होता. हे अगदी अपेक्षित आहे. तो इंटेलच्या २००४ सालच्या एचडी ऑडिओ मानकावरचा चिप असतो, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. कंपनीचा ड्रायव्हर मिळाला नाही तरी निदान स्टीरिओ आवाज येतोच. आमच्या इंटरफेसला असा कुणी वाली नव्हता.

लहान खोली सांभाळणाऱ्या मुलाचा प्रश्न सरळ होता: "सर, विंडोज तेच, ड्रायव्हर तोच. तिकडे चालतो तर इकडे काय झालं?"

काय नव्हतं

दोन्ही इंटरफेसची अदलाबदल केली. मोठ्या खोलीतलं यंत्र लहान खोलीत मुकं झालं आणि लहान खोलीतलं तिकडे जाऊन बोलायला लागलं. केबल आणि पोर्टही बदलून पाहिले. यंत्र निर्दोष सुटलं.

मग संशय इन्स्टॉलरवर गेला. डाउनलोड केलेली फाइल अर्धवट असू शकते, किंवा मोठ्या खोलीत कुणीतरी कधीकाळी दुसरीच आवृत्ती बसवलेली असू शकते. यावर नेमका उपाय आहे. विंडोज बसवलेल्या प्रत्येक बाहेरच्या ड्रायव्हरची प्रत ड्रायव्हर स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं, आणि विंडोजबरोबरच येणाऱ्या पीएनपीयूटिल या कमांडने ती प्रत बाहेर काढता येते. मोठ्या खोलीतल्या चालत्या संगणकावरून काढलेली प्रत पेन ड्राइव्हवरून लहान खोलीत आणून बसवली. फाइल तीच, आवृत्ती तीच, आणि त्रिकोणही तोच.

मग डिव्हाइस मॅनेजरमधला कोड. लोक पिवळा त्रिकोण पाहतात आणि थेट ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला लागतात, पण त्रिकोणावर डबल क्लिक केलं की जो आकडा दिसतो त्यात निम्मं निदान असतं. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण यंत्र सुरू होत नाही. जानेवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी ऑडिओ १.० या जुन्या मानकावर चालणाऱ्या बऱ्याच डॅक यंत्रांना (डिजिटल आवाज स्पीकर-हेडफोनसाठी बदलून देणाऱ्या) हाच कोड १० आला होता. दोष विंडोजच्याच अपडेटमध्ये होता, त्यामुळे वापरणाऱ्याने ड्रायव्हर दहादा बदलून काही होणार नव्हतं. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही, तो कुणी बनवला आणि नंतर कुणी बदलला नाही याची खूण, विंडोजला पटलेली नाही. आणि ३९ म्हणजे विंडोजला ड्रायव्हर लोड करता आला नाही, फाइल खराब असेल किंवा हरवली असेल.

आमच्याकडे ३९ होता. फाइल हरवलेली नव्हती, आणि खराबही नव्हती, कारण तीच फाइल भिंतीपलीकडे चालत होती.

सहीचा मुद्दा तरीही तपासला, कारण जुन्या साउंड कार्डांच्या बाबतीत तो वारंवार निघतो. ६४ बिट विंडोजमध्ये व्हिस्टापासूनच कर्नलमधल्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या, ड्रायव्हरवर सही लागते. २०१६ च्या विंडोज १० आवृत्ती १६०७ पासून नियम आणखी कडक झाला: सिक्युअर बूट चालू असलेल्या कोऱ्या इन्स्टॉलवर नव्या कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरचीच सही हवी. यात सवलती आहेत. आधीच्या आवृत्तीवरून अपग्रेड होत आलेल्या संगणकाला सूट आहे, आणि २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केलेल्या ड्रायव्हरलाही आहे. आमच्या ड्रायव्हरची सही २०१३ ची होती, म्हणजे तो सवलतीत बसत होता. शिवाय सही अडली असती तर कोड ५२ आला असता. हा धागा इथेच तुटला, पण जाता जाता एक गोष्ट हाती देऊन गेला: संगणकावर विंडोज कुठल्या वाटेने आलं याच्याकडे विंडोज स्वतःच पाहतं. एका नियमात असं असेल तर दुसऱ्यातही असू शकतं.

काय होतं

सिस्टम इन्फर्मेशनचं पान दोन्ही संगणकांवर उघडून शेजारी शेजारी वाचलं. बहुतेक ओळी जुळत होत्या. तळाशी व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षेच्या ओळींमध्ये लहान खोलीतल्या संगणकावर हायपरव्हायझरकडून, म्हणजे विंडोजच्याही खालच्या थरात चालणाऱ्या प्रोग्रामकडून, कोड तपासणी चालू असल्याची नोंद होती. मोठ्या खोलीतल्या संगणकावर ती नव्हती.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कोर आयसोलेशन' या शीर्षकाखाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं बटण असतं, ते हेच. सुसंगत हार्डवेअरवर विंडोज ११ कोरं टाकलं की हे बटण आपोआप चालू होतं. जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलं तर आधी बंद असलेलं सहसा बंदच राहतं. आमच्या दोन संगणकांतला फरक एवढाच होता.

खात्री दोन्ही बाजूंनी केली. लहान खोलीत बटण बंद करून संगणक पुन्हा सुरू केला. त्रिकोण गेला, आठही इनपुट आले. ड्रायव्हर काढून बटण परत चालू केलं, ड्रायव्हर पुन्हा बसवला, कोड ३९ परत हजर. मग मोठ्या खोलीतल्या संगणकावर तेच बटण चालू करायचा प्रयत्न केला, आणि विंडोजने नकार देऊन आमच्यासमोर जी यादी ठेवली तिच्यापाशी शोध संपला. यादीत एकच नाव होतं, आमच्या इंटरफेसच्या ड्रायव्हरचं. त्याखाली कंपनीचं नाव, आवृत्ती, २०१३ ची तारीख आणि 'ओईएम'ने सुरू होणारं आयएनएफ फाइलचं (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणाऱ्या फाइलचं) नाव. सुसंगत नसलेला ड्रायव्हर आधीपासून बसलेला असेल तर विंडोज हे संरक्षण चालू करत नाही. संरक्षण आधीपासून चालू असेल तर ड्रायव्हर आत घेत नाही. जो आधी आला त्याची बाजू घ्यायची, असा हा मामला.

ज्याला बिघाड शोधायचा आहे त्याने ही उलटी युक्ती लक्षात ठेवावी. मुक्या संगणकावर विंडोज 'फाइल खराब असेल' असं मोघम बोलतं. चालत्या संगणकावर बटण दाबून पाहिलं की तेच विंडोज नावगावासकट सांगतं.

मेमरी इंटिग्रिटीचं जुन्या ड्रायव्हरशी वाकडं का, हे थोडं उलगडायला हवं. हायपरव्हायझर कर्नलच्या मेमरीवर पहारा ठेवतो. मेमरीचं कुठलंही पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, कोड म्हणून चालवायचं असेल तर आधी त्याची तपासणी होते, आणि एकदा ते चालवण्यायोग्य ठरलं की त्यावर कुणाला लिहिता येत नाही. लिहिणं आणि चालवणं दोन्ही एकाच वेळी नाही, हा नियम. बाहेरून घुसलेल्या कोडला कर्नलमध्ये पाय ठेवता येऊ नये म्हणून हे सगळं. पण विंडोज ७ च्या काळात लिहिलेल्या कितीतरी ड्रायव्हरच्या फाइलमध्ये एखादा भाग लिहिण्याजोगाही असतो आणि चालवण्याजोगाही, किंवा भागांच्या सीमा ४ केबीच्या पानांशी जुळत नाहीत. कर्नलकडे मेमरी मागताना तेव्हा जो नेहमीचा प्रकार वापरत, तीही चालवण्यायोग्य मिळायची. न चालवता येणारा पर्यायी प्रकार विंडोज ८ मध्ये, २०१२ साली आला. म्हणजे आमचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणेच काम केलेलं असणार. ज्याच्याकडे सोर्स कोड आहे त्याला अशी दुरुस्ती फार अवघड नसते. पुष्कळदा नव्या साधनांनी पुन्हा बांधणं, थोडे बदल आणि नवी सही एवढ्यावर भागतं. पण सोर्स कंपनीकडे, आणि बंद मॉडेलवर माणूस बसवण्यात कंपनीला कसला रस?

साउंड कार्डवाल्यांना हे नवीन नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने बांधली आणि खेळ आवाजासाठी वापरत त्या डायरेक्टसाउंड या पद्धतीला कार्डाच्या चिपपर्यंत नेणारी वाटच काढून टाकली. खेळांमधले घुमणारे, चहूबाजूंनी येणारे आवाज ज्या महागड्या कार्डांवर उठायचे ती एका अपग्रेडने साधी झाली. साउंड कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीला अल्केमी नावाचा दुभाषा प्रोग्राम काढावा लागला, जो खेळाची डायरेक्टसाउंडमधली मागणी ओपनएएल या दुसऱ्या पद्धतीत बदलून कार्डापर्यंत पोचवायचा. ६४ बिटकडे जाताना ३२ बिटचे ड्रायव्हर जागीच थांबले, कारण ६४ बिट कर्नल ते लोडच करत नाही. विंडोज ८ ने फायरवायर या यूएसबीसारख्या जोडणीचा जुना ड्रायव्हर काढून टाकला तेव्हा स्टुडिओवाले तो वेगळा उतरवून घेऊन बसवायचे. मॅकवरही फार वेगळं नाही. ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या, यंत्रांवर बाहेरच्या कंपनीचा कर्नल ड्रायव्हर चालवायला आधी रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते, आणि २०२५ च्या मॅकओएस २६ टाहोमधून फायरवायरच गेलं.

साउंड कार्ड यात वारंवार सापडतं त्याला कारण आहे. आवाज दर काही मिलिसेकंदांनी वेळेवर पोचवावा लागतो, म्हणून ड्रायव्हर लिहिणारे कर्नलच्या जितकं आत जाता येईल तितकं जातात. सुरक्षेची कडी दर वेळी तिथेच आवळली जाते. प्रिंटर अर्धा सेकंद उशिरा जागा झाला तर कुणाला कळतही नाही.

मग करायचं काय

पहिला मार्ग उघडच होता: बटण बंद ठेवायचं. एका मिनिटाचं काम, आणि बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो. माझा त्याला सरसकट विरोध नाही, पण तो सगळ्या संगणकासाठी घेतलेला निर्णय असतो, एका यंत्रापुरता नव्हे. लहान खोलीतल्या संगणकावर ईमेल येते, लेखकांच्या फाइल येतात, बाहेरचे वाचक आपले पेन ड्राइव्ह लावतात. एका ड्रायव्हरसाठी तिथला कर्नल उघडा ठेवायचा हे मला पटलं नाही.

दुसरा मार्ग दुरुस्त केलेल्या ड्रायव्हरचा. जुन्या कार्डांसाठी हौशी लोक ड्रायव्हरमध्ये बदल करून वाटतात, आणि त्याला मोठी परंपरा आहे. २००८ मध्ये क्रिएटिव्हच्या कार्डांसाठी एका हौशी प्रोग्रामरने व्हिस्टावर चालतील असे बदललेले ड्रायव्हर काढले, कंपनीने त्याला थांबायला सांगितलं, ग्राहक खवळले आणि कंपनीला नमतं घ्यावं लागलं. पण आयएनएफ फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी मूळ सही मोडते. मग विंडोज चाचणीच्या मोडमध्ये चालवावं लागतं, म्हणजे सहीची तपासणीच ढिली करावी लागते. शिवाय आमची अडचण आयएनएफमध्ये नव्हतीच, ती आतल्या कोडमध्ये होती. हा मार्ग सोडला.

तिसरा सापडला तो यंत्राच्या माहितीपुस्तिकेत, शेवटच्या पानांवर. टॅबलेटला जोडण्यासाठी यंत्रात एक वेगळा मोड होता: समोरचं एक बटण दाबून ठेवून वीज चालू केली की यंत्र 'मी अमुक कंपनीचं खास यंत्र' असं न सांगता 'मी यूएसबी ऑडिओ क्लास २.० चं यंत्र' असं सांगतं, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी एकच असलेल्या मानकाचं. २०१३ मध्ये ही सोय टॅबलेटसाठीच होती, कारण विंडोजकडे क्लास २.० चा स्वतःचा ड्रायव्हर नव्हताच. तो विंडोज १० च्या आवृत्ती १७०३ बरोबर २०१७ मध्ये आला. म्हणजे कंपनीने दुसऱ्याच कामासाठी ठेवलेला दरवाजा मधल्या काळात विंडोजच्या बाजूनेही उघडला होता, आणि आमच्यापैकी कुणी तो लोटून पाहिला नव्हता.

आधी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहिलं, कारण लिनक्समध्ये यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो आणि यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं ते तिथे सरळ वाचता येतं. या मोडमध्ये दोन इनपुट, दोन आउटपुट, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ. मग विंडोज ११ सुरू केलं. मेमरी इंटिग्रिटी चालू, कुठलाही ड्रायव्हर बसवलेला नाही, आणि इंटरफेस आवाजाच्या यादीत आपणहून हजर.

गेलं काय? आठांपैकी सहा इनपुट गेले. कंपनीचं कंट्रोल पॅनल गेलं. आसिओ गेलं, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला थेट कार्डाशी बोलायची स्टाइनबर्ग कंपनीची पद्धत, जिच्यामुळे बफर (पुढे देण्याआधी आवाज क्षणभर साठवण्याची जागा) लहान ठेवता येतो आणि उशीर कमी होतो. आता विंडोजची स्वतःची पद्धत, वासापी, वापरायची, आणि त्यातही एक्सक्लुझिव्ह मोड, म्हणजे यंत्र एकाच प्रोग्रामच्या ताब्यात. शेअर्ड मोडमध्ये विंडोज सगळा आवाज आपल्या ठरावीक दराला आणतं, आणि तो दर ४८ असेल तर ४४.१ चं काम गुपचूप ४८ वर फिरवलं जातं.

पण लहान खोलीत एक माणूस एका माइकसमोर बसून वाचतो. वाचणाऱ्याला आपला आवाज हेडफोनमध्ये ऐकू येतो तो डायरेक्ट मॉनिटरिंगच्या नॉबवरून, यंत्रातल्या यंत्रात, संगणकाला वळसा घालून. बफर १२८ नमुन्यांचा असो की ५१२ चा, म्हणजे ४४.१ वर साधारण ३ मिलिसेकंद की १२, त्याच्या कानाला काही फरक पडत नाही. सहा इनपुट तिथे कधी वापरलेच नव्हते. लहान खोलीचा प्रश्न सुटला. फक्त वीज गेली की यंत्र जुन्या मोडमध्ये परत जातं, म्हणून बटण दाबून चालू करायची सूचना यंत्रावरच चिकटवली आहे.

मोठ्या खोलीत हे चालणार नव्हतं. तिथे तबल्यालाच दोन माइक लागतात, आणि गाणारा आधी रेकॉर्ड झालेल्या सुरांवर, सॉफ्टवेअरमधून येणारा थोडा घुमारा कानात घेऊन गातो. त्याला १२ मिलिसेकंद जातानाचे आणि तितकेच येतानाचे लगेच जाणवतात. तिथे आसिओ हवं, आठही इनपुट हवेत, म्हणजे २०१३ चाच ड्रायव्हर हवा. म्हणून तो संगणक मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवूनच चालवायचं ठरलं, पण नेटवर्कची केबल काढून. ब्राउझर नाही, ईमेल नाही, फाइलींची ने-आण एकाच राखीव डिस्कवरून.

तिथला धोका माणसाचा आहे. विंडोज सिक्युरिटी 'मेमरी इंटिग्रिटी बंद आहे' म्हणून इशारा दाखवत राहतं. कुणी बटण दाबलं तर काही बिघडत नाही, विंडोज नकार देऊन यादी दाखवेल. पण त्या यादीतलं नाव शोधत गेलं की ड्रायव्हर स्टोअरमधून तो ड्रायव्हर जबरदस्तीने कसा उडवायचा याच्या सूचना हमखास मिळतात. एखादा उत्साही सहकारी त्या पाळेल आणि रेकॉर्डिंगच्या सकाळी आठही माइक मुके होतील. काढून ठेवलेली ड्रायव्हरची प्रत म्हणूनच त्या संगणकावर आणि बाहेरच्या डिस्कवर, दोन्हीकडे आहे.

ही व्यवस्था मुदतीची आहे. विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी २४ महिने सपोर्ट मिळतो, आणि नेटपासून तोडलेला संगणक फार काळ तसा ठेवला की कुणीतरी 'आजच्यापुरती' केबल जोडतोच. तेव्हा मोठ्या खोलीसाठी नवं इंटरफेस घ्यायचं आहे. अट एकच पक्की केली आहे: सगळे इनपुट क्लास २.० च्या मोडमध्येही मिळाले पाहिजेत. कंपनीचा ड्रायव्हर वर मिळाला तर बरंच, पण त्याच्यावाचून यंत्र मुकं होता कामा नये. पुढेमागे एआरएम या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचा संगणक आला तर याच अटीचा उपयोग होईल, कारण तिथलं विंडोज जुने प्रोग्राम अनुकरण करून चालवतं, पण कर्नलमधला ड्रायव्हर एआरएमसाठीच बांधलेला लागतो.

नव्या यंत्राची चाचणी लहान खोलीत, मेमरी इंटिग्रिटी चालू असलेल्या कोऱ्या इन्स्टॉलवर होईल. मोठ्या खोलीत ते चाललं, हा पुरावा धरला जाणार नाही.